पळत्या शाळेच्या पायऱ्या

दोन वर्षांचं एक वर्ष करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला कुणी नीट सांगेना.

सोलापुरात आमच्या भवानी पेठेत त्या शाळेला सगळे 'पळती शाळा' म्हणत. खरं नाव लांबलचक होतं, ते दारावरच्या पाटीवर होतं आणि तिथंच राहिलं. तिथल्या हेडमास्तरांनी एक वेगळा वर्ग काढला होता. चौथी पास झालेली चलाख मुलं परीक्षा घेऊन निवडायची, पाचवी आणि सहावी त्यांच्याकडून एकाच वर्षात करून घ्यायची आणि पुढच्या जूनमध्ये थेट सातवीत बसवायची. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली त्याला तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सरकारनंच एक वर्ष कापलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही कात्री हातात घ्यायची हिंमत आली असावी.

माझा धंदा चादरी आणि टॉवेलांचा. कारखानदाराकडून माल उचलायचा आणि बाहेरगावच्या दुकानदारांना द्यायचा. सुरुवातीला गठ्ठा खांद्यावर घेऊन बाजार फिरलो, मंद्रूपचा, मोडनिंबचा, जिथं गिऱ्हाईक उभं राहील तिथला. भाव करायला तेलुगू शिकलो, कारण विणणाऱ्यांच्या घरात तेलुगू बोलतात. भांडण मात्र घरच्या कानडीतच जमतं. असो. सांगायचं ते हे, की माल लवकर मिळतोय असं कुणी म्हणालं की मी आधी चादर उलटी करून बघतो. माग घाईत चालवला की आडवे धागे विरळ पडतात. चादर तेवढीच लांब, तेवढीच रुंद, फुलंही तशीच. पहिल्या धुण्यानंतर तिची जाळी होते. तेव्हा या शाळेतही धागा कुठंतरी सोडला असणार, याबद्दल मला शंका नव्हती. कुठं सोडलाय, एवढंच शोधायचं होतं.

मला दोन मुलं. मुलगा मोठा, मुलगी त्याच्याहून दीड वर्षानं लहान. मुलगा दुसरीत एकदा नापास झाला आणि बहिणीच्या वर्गात येऊन बसला. तेव्हापासून दोघं एका वर्गात आणि एकाच पाटावर होती. त्या वर्षी दोघंही चौथी पास झाली होती.

पेठेतल्या सुताच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा पळत्या शाळेत होता. हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या फळीवर टेकायचा आणि मुलाचं कौतुक ऐकवायचा.

"काय शेठ, तुमची जोडी घालणार का न्हाई तिकडं?"

"घालून मिळतं काय?"

"एक वर्ष वाचतं की!"

"मग ते ठेवलंय कुठं?"

"म्हंजे?"

"वाचलं म्हणताय ना. चादर वाचली तर कपाटात दिसते. वर्ष वाचलं ते कुठं दिसतंय?"

तो हसून फळीवरून पडायचा बाकी राहिला. "तुमी तर वर्षाचाबी भाव कराल! जावा, मास्तरलाच इचारा."

मास्तरांना विचारण्याआधी मी त्याच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, चित्रकलेचा तास नाही, कवायत फक्त शनिवारी, आणि सूतकताई अजिबात नाही. सूतकताई काढून टाकली हे मला पटलं. सोलापुरातलं मूल रांगायला लागतं तेच सुताच्या गुंड्यामागं. त्याच्या हातात टकळी देऊन तास वाया कशाला घालवायचा? पण टकळी, चित्रं आणि कवायत मिळून एक वर्ष भरत नव्हतं. हिशेब अजून जुळत नव्हता.

एवढी चौकशी मी का करत होतो, तेही सांगायला हवं.

मी मंद्रूपच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. माझा थोरला भाऊ माझ्या पुढं दोन वर्षं होता. त्याला पाढे येत नव्हते, म्हणून त्याला शाळेत ठेवलं. मला येत होते, म्हणून काढलं. वडिलांचं म्हणणं साधं होतं. ते मास्तरांना म्हणाले, "ह्याला येतंय की सगळं. आता हितं बसून काय करणार? दुकानात बसू दे." मास्तर म्हणाले, "बरोबर हाय." कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. भाऊ तीन वेळा बसून मॅट्रिक झाला आणि सरकारी कचेरीत लागला. परवा एका दाखल्यासाठी त्याच्याकडं गेलो, तर मला म्हणतो, "प्रॉपर चॅनेलनं ये." सख्ख्या भावाला! मी टेबलावरची त्याची घंटी उचलून खाली आपटली आणि निघून आलो. दाखला मग दुसऱ्या माणसाकडून मिळवला.

चलाख मुलाला शाळेत जागाच नसते, हे माझं तेव्हापासूनचं मत. आणि आता एक शाळा म्हणत होती, की फक्त चलाख मुलंच द्या. ती पंचवीस वर्षं आधी कुठं होती, हा माझा पहिला प्रश्न. पण त्याचं उत्तर देणारं कुणी हयात नव्हतं.

बायको अक्कलकोटकडची. तिला शाळेचं कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पोरगी लवकर मॅट्रिक होणार. मग?"

"मग कॉलेज."

"आन् मग?"

"मग काय? शिकेल अजून."

"मग तिच्याएवढा शिकलेला हुडकायला तुमी गावोगाव फिरणार. चपला झिजतील."

"माझ्या चपला झिजायच्यात ना? झिजू देत."

"आन् सातवीतल्या घोड्यांएवढ्या पोरी हिला खेळायला घेतील का? इयत्ता वाढली म्हणून उंची वाढत न्हाई." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पोरगीचंच बोलतोय आपण. पोराचं काय?"

"तोही जाईल. दोघं बरोबरच पास होतात की."

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली, आणि मग तव्याकडं वळली. मला वाटलं, तिला पटलं.

मे महिन्यात मी दोन्ही मुलांना घेऊन पळत्या शाळेत गेलो. शाळा एका जुन्या दुमजली इमारतीत होती. दारापुढं दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या खाली चपला काढायच्या. हेडमास्तर उंच आणि सडपातळ होते, बाहीला खडू लागलेला. त्यांनी मुलाला एका खोलीत बसवलं आणि मुलीला दुसऱ्या. फळ्यावर गणितं घातलेली होतीच. मग ते माझ्यासमोर येऊन बसले. मी फीचा विषय काढला, तर म्हणाले, "फी पाटीवर लिहिली आहे. तिच्यावर बोलायचं नसतं." हे मला आवडलं नाही, पण मी ते गिळलं. माझा खरा प्रश्न वेगळा होता.

"सर, दोन वर्षांचं एक करता, तेव्हा कापता काय?"

"सूतकताई कापली. हे तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं. तेवढ्यानं वर्ष निघत नाही."

ते पहिल्यांदा हसले. "लहानपणी शाळेत तुमचं गणित सुटल्यावर तुम्ही काय करत होता?"

"बसून राहायचो."

"किती वेळ?"

"बाकीच्यांचं होईपर्यंत."

"तेच कापतो," ते म्हणाले. "वाट बघणं. चलाख मूल शाळेत निम्मा वेळ दुसऱ्यांची वाट बघत बसतं. तेवढं काढून टाकलं की दोन वर्षांचं एक होतं. त्यात जादू नाही."

उत्तर खोटं नव्हतं. सुताचा व्यापारी, त्याचा मुलगा, पेठेतले शहाणे, कुणालाही हे सांगता आलं नव्हतं आणि या माणसानं एका वाक्यात सांगितलं. पण मला आठवलं, की मी नुसता बसून राहत नव्हतो. मंद्रूपच्या आमच्या वर्गाची खिडकी बाजाराच्या अंगाला होती. बाजाराच्या दिवशी बैलांचा सौदा खिडकीखाली चालायचा. दोन माणसं हातावर टॉवेल टाकायची आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव करायची. बोटं दिसत नसत, म्हणून मी चेहरे बघायचो. कोण अजून वर चढेल, कोण आता थांबला, कोण नाही म्हणतोय पण जाणार नाही. माझं गणित सुटलेलं असायचं आणि बाकीच्यांचं व्हायचं असायचं. आज मी जो काही आहे, तो त्या वाट बघण्यातून झालो. मास्तर कापायला निघाले होते ते नेमकं तेच.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सौद्यात मनातलं बोलायचं नसतं.

थोड्या वेळानं ते दोन्ही खोल्यांत जाऊन आले. म्हणाले, "मुलगी घेतो. मुलाला या वर्गात घेता येणार नाही."

"का? दोघं आजवर बरोबर पास झालीत."

"बरोबर बसून पास झालीत," ते हळू आवाजात म्हणाले. "मुलाला येत नाही असं नाही. त्याला वेळ लागतो. आणि इथं तर वेळच नसतो."

माझं डोकं तापलं. चादरी आम्ही जोडीनं विकतो. जोडी फोडायची नाही, हा माझा नियम. फोडली की गिऱ्हाईक चांगला नग घेऊन जातं आणि दुसरा आपल्याच गळ्यात पडतो. किती बड्या दुकानदारांनी माझ्यासमोर एक चादर बाजूला काढून ठेवली असेल, पण मी त्यांच्या हातातून ती परत घेतली आहे.

"सर, मी जोडी फोडत नाही," मी म्हणालो. "घ्यायची तर दोन्ही घ्या. नाहीतर राहू द्या."

"मुलं आहेत ती, शेठ."

"म्हणूनच सांगतोय."

"तर मग तुमची मर्जी."

मी उठलो. दोघांना हाक मारली आणि बाहेर आलो.

ज्यांनी कधी बाजार केला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उठून जाणं हा सौद्याचाच भाग असतो. उठायचं रागानं, पण चालायचं सावकाश. दारात एकदा थांबायचं. चपलेचा पट्टा बसत नाही असं करायचं. समोरच्याला माल हवा असेल तर तो तेवढ्यात हाक मारतो. "अहो थांबा, बसा, बघू काहीतरी." मला हाक मारली नाही असं आजवर क्वचितच झालं होतं.

पायऱ्यांच्या खाली मी एक चप्पल घातली, काढली, झटकली, पुन्हा घातली. मुलगा पुढं चालायला लागला. मुलीनं त्याचा सदरा धरून त्याला मागं ओढलं.

"हळू चाल की! एवढ्यात कुटं निघालास?" ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळून बारीक आवाजात विचारलं, "अप्पा, आता मारतील ना हाक?"

ती माझ्याबरोबर बाजारात फिरलेली पोर. तिला सगळं माहीत होतं. तिनं स्वतःच्याही चपलेचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

हाक आली नाही.

कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. शिपाई धावत येईल तर त्याला आम्ही दिसावं म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि तीन ग्लास सांगितले. मुलगा रस गटागटा प्यायला. मुलगी ग्लास तोंडाला लावून शाळेच्या दाराकडं बघत होती, रस काही कमी होत नव्हता. शेवटी बर्फ विरघळून त्याचं पाणी झालं. मग आम्ही घरी आलो.

मास्तर मला वाईट वाटले नाहीत, मला ते बेपर्वा वाटले. माणूस दारापर्यंत जातो, पायरीवर रेंगाळतो, त्याला एक हाक मारली तर काय बिघडतं? त्यात वाकावं लागत नाही. बायकोला मी हे तीन-चार वेळा ऐकवलं असेल.

ती म्हणाली, "त्याला म्हाईत न्हाई तुमचा रिवाज. तो मास्तर हाय."

"नाही कसा माहीत? सोलापुरात राहतो तो."

"बरं. आन् पोरगी रोज त्या शाळेच्या वाटेनं दळण आणायला जाती. ती वाट लांबची हाय, ते म्हाईत हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं.

"आणखी सांगू? पोरगा बरोबर पास होतो म्हणता. शेजारी बसून ही सांगती म्हणून होतो. हिची पाटी आधी भरती, मग ही त्याची भरती. तीन वर्षं झाली. मालाची उलटी बाजू बघता की तुमी रोज. घरातली कवा बघितली?"

म्हणजे मुलीचा वाचलेला वेळ कुठं जात होता, ते माझ्याच घरात होतं. हे ऐकून माझा जोडीचा हट्ट आणखी पक्का झाला. ती गेली तर हा बुडणार, हे तर उघड होतं. मी मुलाला जवळ बोलावलं. म्हटलं, त्याला धीर द्यावा.

"हे बघ," मी म्हणालो, "तुला सोडून तिला कुठं पाठवणार नाही."

तो म्हणाला, "पाठवा की."

"काय?"

"तिला पाठवा. ती मला सोडवूच देत न्हाई, अप्पा. मी गणित वाचतोय तोवर ही उत्तर सांगती. मला येतंय. पण मला लई वेळ लागतो." वर म्हणाला, "त्या मास्तरांच्या खोलीत मी एकटाच होतो. तीन सुटली. माझी मी."

"बाकीची?"

"बाकीची सोडवत होतो. तेवढ्यात तुमी हाक मारली."

मुलगी दाराआड उभी होती. ती तिथूनच ओरडली, "मी सांगते म्हणून पास होतोस, विसरू नको!"

"मग नको सांगू!"

"नाही सांगणार जा!"

दोघांची जुंपली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. माझ्या मात्र डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मुलगी दुसऱ्यांची वाट बघण्यात अडकली होती आणि मुलाची वाट कुणी बघतच नव्हतं. एका पाटावर बसवून दोघांचीही अडवणूक चालली होती. ही जोडी विणलेलीच वेगवेगळ्या मागांवर होती.

पण आता पळत्या शाळेत परत जायचं म्हणजे काय, हे बाजार करणाऱ्यालाच कळेल. उठून आलेल्या दुकानाची पायरी मी आयुष्यात पुन्हा चढलो नव्हतो. एकदा परत गेला की भाव समोरच्याचा. बायको म्हणाली, "मी जाऊ का?" मी म्हणालो, "नको." माझ्या सौद्यात दुसऱ्यानं पडलेलं मला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. चपला पटकन काढल्या, कुणी बघायच्या आत. हेडमास्तर फळा पुसत होते.

"या," ते म्हणाले. जागा कुणाला दिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. चेहरे मला कळतात.

"मुलीचं नाव घाला," मी म्हणालो.

"बरं झालं."

"त्या दिवशी तुम्ही हाक मारायला हवी होती."

ते चकित झाले. "तुम्ही राहू द्या म्हणालात ना?"

"म्हणालो. पण पायरीवर किती वेळ उभा होतो मी!"

"चपलेचा पट्टा तुटला असेल असं वाटलं मला."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणालो, "नाव घाला, पण एक अट आहे."

"फीचं बोलू नका."

"फी नाही. तिला खिडकीजवळ बसवायचं. वर्षभर. जागा हलवायची नाही."

"खिडकीजवळ? का?"

"तिचं गणित सुटलं की तिला बाहेर बघता आलं पाहिजे. तुम्ही वाट बघणं कापणार म्हणता. सगळं कापू नका. थोडं ठेवा."

त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे. बसवू."

एवढंच. घासाघीस नाही, 'बघू' नाही. इतक्या चटकन कबूल झाले म्हणजे मी कमी मागितलं, हे मला पायऱ्या उतरता उतरता कळलं.

जूनमध्ये दोघं दोन वाटांनी शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मुलगी संध्याकाळी थेट दुकानात आली. मी विचारलं, "खिडकी मिळाली?"

"मिळाली."

"काय दिसतं?"

"भिंत."

मी हातातला टॉवेल खाली टाकला. चादर उलटी केल्याशिवाय न घेणारा मी, खिडकी उघडून बघितली नव्हती. तसाच जाऊन मास्तरांना जाब विचारायच्या बेतात होतो. मुलगी फळीवर चढून बसली होती आणि पाय हलवत होती.

"भिंतीपलीकडं माग चालतात, अप्पा," ती म्हणाली. "आवाज येतो. सगळे एका तालात खटखट करतात. मग मधेच एक थांबतो. बाकीचे चालूच राहतात. मग तो पुन्हा लागतो. असं का होतं?"

"धागा तुटतो. तो जोडेपर्यंत थांबतो."

"दर वेळी तोच माग थांबतो. मी ओळखते आता त्याचा आवाज. त्याचाच धागा का तुटतो?"

सूत कच्चं असेल, माग जुना असेल, विणणारा नवा असेल, काहीही असेल. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. तिला उत्तर हवं होतं आणि लगेच हवं होतं. मी दुकानाची एक फळी लावली, दुसरी लावली, आणि तिला म्हणालो, "चल, बघून येऊ."

गल्लीच्या तोंडाशी मुलगा भेटला, शाळेतून येत होता. तोही बरोबर आला. आम्ही पळत्या शाळेवरूनच गेलो. हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि या खेपेला हाक मारली.

"काय शेठ, इकडं कुठं?"

मी थांबलो नाही. हाक मारायची वेळ ती नव्हती.